आजाराचे नाव आणि मुलीची बदनामी

काही आजारांपेक्षा त्यांची नावेच जास्त छळतात. 'इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस' हा त्यातलाच एक. नाव लांबलचक, म्हणून डॉक्टर नुसते 'मोनो' म्हणतात. पालक मात्र घरी येऊन मोबाइलवर शोधतात, तेव्हा त्यांच्यासमोर वेगळेच नाव येते: 'किसिंग डिसीज', चुंबनाचा आजार. आजारी मुलगी सोळा-सतरा वर्षांची असेल, तर घरातली चर्चा औषधावरून चारित्र्यावर जायला वेळ लागत नाही.

कल्याणमध्ये राहणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी अकरावीत होती. दहा दिवस ताप, घसा इतका सुजलेला की पाणी गिळवेना, मानेच्या दोन्ही बाजूंना गाठी. डॉक्टरांनी रक्त तपासून मोनो सांगितला. रात्री तिच्या आईचा फोन आला. मुलीचा ताप किती, हे तिने सांगितलेच नाही. "टीचर, ये लड़की कॉलेज में किस के साथ रहती है, ज़रा पूछो ना." भावाने तिचा मोबाइल काढून घेतला होता. कॉलेज बंद करण्याची भाषा सुरू झाली होती.

म्हणून आधी वस्तुस्थिती पाहू. हा आजार बहुतेक वेळा एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूमुळे होतो. 1964 मध्ये त्याचा शोध लागला. जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो आयुष्यभर मुक्काम करून असतो. तुमच्या-माझ्याही असणार. तो लाळेतून पसरतो, आणि लाळ काय फक्त चुंबनातून जाते? एकाच ग्लासातले पाणी, एकाच बाटलीला लावलेली तोंडे, बाळाला भरवण्याआधी आईने चाखलेला चमचा, सगळे त्यात आले. आपल्याकडे तर दस्तरख्वानावर एका ताटात चौघे जेवतात आणि त्यात बरकत मानतात.

त्यामुळेच दाटीच्या वस्तीतल्या, मोठ्या कुटुंबातल्या बहुतेक मुलांना ही लागण लहानपणीच होऊन जाते. तेव्हा लक्षणे दिसत नाहीत किंवा साधा सर्दी-ताप वाटतो. कुटुंबे लहान झाली, प्रत्येकाची बाटली वेगळी झाली, की हीच पहिली गाठ कॉलेजच्या वयात पडते आणि तेव्हा आजार जोरात उठतो. शिवाय विषाणू शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंत चार ते सहा आठवडे जातात, आणि ज्याच्याकडून तो आला तो माणूस बहुधा ठणठणीत असतो. तो कोणाकडून आला, हे कोणतीही रक्ततपासणी सांगू शकत नाही. मग एका रिपोर्टवरून मुलीवर संशय घ्यायचा, याला उर्दूत एकच शब्द आहे: बोहतान. पुराव्याशिवाय पाकदामन स्त्रीवर आळ घेणाऱ्याला सूरह नूरमध्ये शिक्षा सांगितली आहे. गूगलला चार साक्षीदार मानण्याची सोय तिथे नाही.

संशयाच्या या धांदलीत खरी काळजी बाजूलाच राहते. मोनोवर विषाणू मारणारे ठरलेले औषध नाही. विश्रांती, भरपूर पाणी, तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेले पॅरासिटामॉल, बस्स. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. ताप-घसा बहुधा दोन ते चार आठवड्यांत बरा होतो, पण थकवा कधीकधी महिनोन्महिने राहतो. अशा वेळी मुलीला 'कामचोर' म्हणू नये, आणि शाळा-कॉलेजनेही हजेरीची सवलत द्यावी.

घसा दुखला की मेडिकलवरून अँटिबायोटिक आणायची आपली सवय इथे विशेष महागात पडते. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. उलट मोनोमध्ये ॲमॉक्सिसिलिन घेतले तर अनेकांच्या अंगभर लाल पुरळ उठते. ते पाहून 'हिला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे' असा शिक्का बसतो आणि पुढे गरज असतानाही डॉक्टर ते औषध टाळतात. चिठ्ठीशिवाय हे औषध विकायला कायद्याने मनाई आहे, पण आपण मागतो आणि ते मिळते.

दुसरा धोका प्लीहेचा. या आजारात ती सुजते. क्वचितच, पण धक्का लागून ती फुटू शकते, आणि ते जिवावर बेतते. म्हणून किमान तीन-चार आठवडे क्रिकेट, कबड्डी, जड उचलणे बंद. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सुरू करू नये. पोटात डाव्या बाजूला वर अचानक जोराची कळ आली, श्वास घेणे अवघड झाले किंवा पाणीही गिळता येईना, तर थेट रुग्णालय गाठावे.

आणि निदान घरी करू नये. घशात पांढरट पडदा दिसला तर तो घटसर्पही असू शकतो. मानेतली गाठ टीबीचीही असू शकते, आणि मुलीच्या लग्नात अडथळा नको म्हणून ती लपवणारी घरे मी पाहिली आहेत. सरकारी यंत्रणेत टीबीची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही पालिकेची रुग्णालये आपल्याच भागात आहेत. दोन आठवड्यांत गाठ ओसरली नाही, तर तिथे जाऊन दाखवा.

राहिला नावाचा प्रश्न. 1889 मध्ये एमिल फायफर या जर्मन डॉक्टरने ताप आणि गाठींच्या अशा आजाराला जे नाव दिले, त्याचा अर्थच 'ग्रंथींचा ताप'. चुंबनाचे नाव कितीतरी नंतर चिकटले. दोन भाषा शिकवणारी बाई म्हणून माझी सूचना साधी आहे: मराठीत 'ग्रंथिज्वर' म्हणा, उर्दूत 'ग़ुदूदी बुखार'. डॉक्टरांनी रिपोर्ट हातात देताना हेच नाव सांगावे आणि सोबत एक वाक्य जोडावे, "हा एका ताटात जेवूनही होतो." त्या एका वाक्याने एखाद्या मुलीचे कॉलेज वाचेल.