डॉजचं कौतुक करताना कुर्ला विसरू नये

कल्याणजवळच्या मोहने-आंबिवलीतल्या गाडीवेड्या तरुणाशी डॉज चार्जर, फोर्ड मस्टँग किंवा शेवरोले कमॅरो या अमेरिकी मसल कारचा विषय काढून पाहावा. यांतली एकही गाडी त्याच्या गल्लीत कधी शिरलेली नसते, पण कोणत्या सालच्या मॉडेलला कोणतं इंजिन होतं हे तो घडाघडा सांगतो. ही ओळख सिनेमातून होते, मोबाइलवरच्या खेळातून होते किंवा हॉट व्हील्सच्या बोटभर खेळण्यातून होते. 1968 साली हॉट व्हील्सच्या पहिल्या 16 गाड्या बाजारात आल्या, त्यांत कमॅरो आणि मस्टँग दोन्ही होत्या. घरातल्या मोठ्यांना हे वेड रिकामटेकडं वाटतं. जी गाडी कधी दारात उभी राहणार नाही, तिचा एवढा ध्यास कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. माझं मत असं की हे वेड चांगलं आहे आणि ते जपायलाही हवं. फक्त ते अर्ध्या वाटेवर थांबलं आहे. ज्या गुणांसाठी आपण डेट्रॉइट या अमेरिकी मोटारनगरीच्या गाड्यांवर जीव टाकतो, ते गुण कल्याण, डोंबिवली आणि कुर्ल्याच्या कारखान्यांतही होते. त्या वारशाकडे मात्र आपली पाठ आहे.

मसल कार म्हणजे श्रीमंतांची स्पोर्ट्स कार, हा समज आधी दूर केला पाहिजे. या प्रकारातली पहिली गाडी म्हणून बहुतेक जाणकार 1964 च्या पाँटिअॅक जीटीओचं नाव घेतात. मधल्या आकाराच्या गाडीत 330 घनइंचांहून मोठं इंजिन बसवायचं नाही, असा पाँटिअॅकची मालक असलेल्या जनरल मोटर्सचा दंडक होता. जॉन डिलोरियन आणि पाँटिअॅकच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून पळवाट काढली. त्यांनी नवी गाडी न काढता टेम्पेस्ट या साध्या घरगुती गाडीवर सुमारे 300 डॉलर जादा मोजून घेता येईल असा पर्याय ठेवला आणि त्यात 389 घनइंचांचं व्ही-8 इंजिन दिलं. आपल्या हिशेबात हे साधारण 6,375 सीसी होतात, म्हणजे मारुती 800 ची आठ इंजिनं एका बोनेटखाली. पहिल्याच वर्षी 32,450 जीटीओ विकल्या गेल्या. त्याच वर्षी 17 एप्रिलला फोर्डने मस्टँग आणली. तिची सुरुवातीची किंमत होती 2,368 डॉलर, आणि दोन वर्षांच्या आत ती दहा लाखांचा टप्पा ओलांडून गेली. हे आकडे मूठभर हौशी लोकांचे नव्हेत. बांधणी साधी, इंजिन भक्कम, किंमत पगारदाराला झेपेल अशी, आणि घरच्या अंगणात पान्हा घेऊन उघडता येईल असं यंत्र: मसल कारच्या लोकप्रियतेचं मूळ यात आहे.

म्हणूनच या गाड्यांचा सन्मान अमेरिकेत आजही मोठ्या प्रमाणात लोकांच्या हातात राहिला आहे. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. तो 1995 साली सुरू झाला तेव्हा हेतू एवढाच होता की फर्नडेल या उपनगरातल्या मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी चार पैसे जमावेत. आता तिथे हजारो गाड्या येतात. त्यांत चार्जर-जीटीओ असतात तशाच साध्या कुटुंबाच्या गाड्याही असतात, आणि रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसलेल्यांत त्या गाड्या जोडणारे निवृत्त कामगारही भेटतात. जवळच डिअरबॉर्नला हेन्री फोर्ड यांच्या नावाचं संग्रहालय आहे. डेट्रॉइटने कारखाने गमावले, वस्त्या ओस पडलेल्या पाहिल्या, 2013 मध्ये दिवाळखोरीही सोसली. पण आपल्या हातांनी काय घडवलं, याची आठवण त्या शहराने भंगारात घातली नाही.

आता आपल्याकडे पाहू. अमेरिकी गाडी मुंबईला परकी कधीच नव्हती. जनरल मोटर्सने 1928 साली शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. भारतातला तो मोटारजोडणीच्या पहिल्या कारखान्यांपैकी एक. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली, 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ आणि डीसोटो बाहेर पडू लागल्या. ज्या डॉजचं नाव आजचा तरुण चार्जरमुळे घेतो, ते नाव कुर्ल्याच्या कामगारांनी पत्र्यावर बसवलेलं आहे. सुटे भाग देशातच बनवायचे नसतील तर नुसत्या जोडणीला परवानगी नाही, असं धोरण 1953 मध्ये ठरलं. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला, प्रीमियर मात्र टिकली. फियाटच्या परवान्यावर तिने जी गाडी बनवली, तिचं 1974 पासूनचं नाव पद्मिनी. इंजिन 1,089 सीसीचं, गिअरची दांडी स्टिअरिंगला, थंडीत चोक ओढल्याशिवाय सुरू न होणारी ही गाडी मुंबईची काळी-पिवळी झाली. तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण होताच ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली.

या कहाणीचा पुढचा अध्याय तर आपल्या उंबऱ्यावरच घडला. कल्याण-शिळ रस्त्यावर प्रीमियरचा दुसरा कारखाना होता आणि नव्वदच्या दशकात तिथे प्यूजो कंपनीच्या भागीदारीत 309 ही गाडी तयार झाली. काही वर्षांतच ती भागीदारी मोडली, कारखाना थांबला आणि आज त्या जमिनीवर गृहसंकुलं उभी आहेत. गाडीच नव्हे, टायरचा धागाही इथे बनतो. कल्याणहून कसाऱ्याकडे निघालं की पहिलं स्थानक शहाड. तिथल्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यात कपड्याच्या सुताबरोबर टायरचं सूतही निघत आलं आहे. टायर कापून पाहिला तर रबराच्या आत दोरांचे थर दिसतात. टायरचा आकार तेच धरून ठेवतात. भरधाव वेगात टायर तापतो, अशा वेळी रेयॉनचा दोर आकसत नाही आणि ताणलाही जात नाही. म्हणून वेगवान गाड्यांच्या टायरांत आजही रेयॉनला मान आहे. पुढचं स्थानक आंबिवली. त्याला लागून असलेल्या मोहन्याच्या एनआरसी कारखान्यातही रेयॉनचाच धागा निघायचा. 2009 मध्ये तो कारखाना बंद पडला. मस्टँगच्या टायरची रुंदी तोंडपाठ असणाऱ्या मोहन्याच्या मुलाला टायरच्या पोटातला धागा दोन पावलांवर पिळला जातो, हे कुणी सांगितलेलं नसतं. दोष त्याचा नाही, ते न सांगणाऱ्यांचा आहे.

या वेडावरचे आक्षेप मी हलके मानत नाही. पहिला आक्षेप पेट्रोलचा आणि धुराचा, आणि तो खरा आहे. पाच-सहा लिटरचं इंजिन रोज ऑफिसला जाण्यासाठी वापरणं समर्थनीय नाही. अमेरिकेनेही हे पूर्वीच ओळखलं. 1970 चा स्वच्छ हवा कायदा, विम्याचे चढे हप्ते आणि 1973 ची तेलबंदी यांनी मसल कारचा पहिला जमाना संपवला, इतका की 1974 ची मस्टँग व्ही-8 इंजिनाशिवाय विकायला आली. डिसेंबर 2023 मध्ये जुन्या धाटणीच्या चॅलेंजर आणि कमॅरोचं उत्पादन थांबलं, आणि डॉजने नवी चार्जर विजेवर आणली. पण जतन केलेली गाडी वर्षाकाठी थोडेच किलोमीटर चालते. तिच्यावर बंदी आणून हवा सुधारणार नाही. दुसरा आक्षेप आवाजाचा आणि बेफाम वेगाचा. इथे मी पूर्णपणे आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने आहे. शहाडच्या पुलावर किंवा पत्रीपुलावर सायलेन्सर फोडून गाडी दामटणं हा शौक नव्हे, गुन्हा आहे. कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेच्या विपरीत बदल गाडीत करता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. अमेरिकेत रस्त्यावरच्या शर्यती वाढल्या तेव्हा वॅली पार्क्स यांनी 1951 मध्ये एनएचआरए ही संघटना काढली आणि शर्यती नियम लावून बंदिस्त धावपट्टीवर नेल्या. वेगाच्या वेडाला शिस्त लावता येते, याचा हा सत्तर वर्षांहून जुना पुरावा आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा. 2016 मध्ये मस्टँग भारतात आली ती साधारण 65 लाखांना, मग सामान्यांनी या वेडात का पडावं? उत्तर सरळ आहे: प्रेम करायला मालकी लागत नाही. क्रिकेटवर प्रेम करणाऱ्याला स्टेडियम विकत घ्यावं लागत नाही. मुलगा व्ही-8 चं काम समजून घेतो तेव्हा दाब, उष्णता, घर्षण, गिअरचं प्रमाण हे सारं आपसूक शिकतो. आयटीआयच्या वर्गात जे डोक्यात शिरत नाही, ते शौकातून शिरतं. चौथा आक्षेप गाडीवेडे स्वतःच घेतात: पद्मिनीत कसला आलाय दम, तिला जपायचं कशाला? तर मग जीटीओ तरी काय होती? घरगुती गाडीच होती. तिचं मोल नुसत्या वेगाने ठरलं नाही, एका पिढीच्या श्रमाने आणि स्वप्नाने ठरलं. त्या कसोटीवर कुर्ल्याची पद्मिनी कणभरही कमी नाही. राहिला शेवटचा मुद्दा: पाणी, रस्ते आणि एनआरसी कामगारांची वर्षानुवर्षं अडकलेली देणी समोर असताना गाड्यांची आठवण कशाला? देणी आधी, याबद्दल दुमत नाही. पण ज्या कामाची कुठेच नोंद उरत नाही, त्या कामाच्या कामगाराचा हक्कही लोक लवकर विसरतात.

जतनासाठी कायद्याने एक दार उघडलेलं आहे. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये आहे. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई आहे, प्रदर्शन आणि रॅलीला मुभा आहे. अडचण मधल्या वर्षांची आहे. 1974 च्या पद्मिनीने पन्नाशी गाठली, पण कल्याणची प्यूजो 309 व्हिंटेज ठरायला 2044 साल उजाडेल, आणि तोवर भंगारवाला थांबणार नाही. म्हणून गाडीवेड्या तरुणांना माझी विनंती आहे: एक पद्मिनी किंवा एक 309 शोधा, ती उभी करा, आणि प्रीमियरमधल्या फिटरकाका-वेल्डरकाकांकडून ती कशी बनत असे ते लिहून घ्या. कल्याण-डोंबिवली महापालिकेकडे मागणी एवढीच, की या गाड्या, त्यांची हत्यारं आणि कामगारांची छायाचित्रं ठेवायला एक दालन द्यावं. गाडी एखाद्या शेडमध्ये वीस वर्षं थांबू शकेल. ती जोडणारे हात आज साठी-सत्तरीत आहेत, आणि त्यांच्यासाठी 2044 ची वाट पाहता येणार नाही.