पडद्यावरचे पिवळे पान

डाळिंबाच्या नाहीतर संत्र्याच्या पानाचा फोटो काढायचा, घरच्या मुलाने तो संगणकात घालायचा आणि संगणक टीव्हीला जोडून सगळ्यांनी मिळून पाहायचा, ही रीत आता खेड्यापाड्यांतही दिसते. सोय चांगली. पान हातभर मोठे होते, शीर न् शीर दिसते. पण त्या रंगावरून कोणी लगेच फवारणीचे सामान आणायला निघत असेल, तर त्याने जरा थांबावे.

नत्र कमी पडले की खालची जुनी पाने आधी पिवळी पडतात. लोह कमी पडले की शेंड्याची कोवळी पाने पिवळी होतात आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. हा फरक नजरेने ओळखायचा असतो. पडद्यानेच रंग चढवले किंवा उतरवले, तर पैसा जायचा एकीकडे आणि दुखणे राहायचे दुसरीकडे.

टीव्ही मुळात नटवा आहे. दुकानाच्या झगमगाटात दहा संचांत उठून दिसावा म्हणून पुष्कळदा तो भडक रंगावरच लावलेला असतो. 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' असे त्याचे नाव. त्यात हिरवे जास्त हिरवे होते आणि पांढऱ्यावर निळसर झाक येते. आपल्या बायाबापड्या लुगडे घेताना ते दुकानाच्या दाराशी, उजेडात नेऊन पाहतात, ते उगीच नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन 'मूव्ही' किंवा 'सिनेमा' हा प्रकार निवडावा आणि 'कलर टेंपरेचर' 'वॉर्म'वर न्यावे. पहिले दोन दिवस चित्र मातकट वाटेल. डोळा सरावला की तेच बरोबर वाटू लागते. संगणकातले 'नाइट लाइट'ही पाहून घ्यावे. ते चालू असले तर सूर्य मावळला की पडदा आपोआप पिवळट होतो, आणि चांगले पानही आजारी दिसते.

याहून चकवणारा दोष निराळा आहे. संगणक प्रत्येक रंगाचे माप ० ते २५५ असे धरतो. टीव्हीच्या चित्राची परंपरा मात्र १६ ते २३५ अशी आहे. १९८२ साली अंकी चित्राचे नियम ठरले, तेव्हा वर-खाली थोडी जागा मुद्दाम मोकळी ठेवली, तीच ही. आता एकाने शेराने मोजावे आणि दुसऱ्याने किलोने, तसे झाले तर? संगणकाने १६ ते २३५ पाठवले आणि टीव्हीने ते ० ते २५५ समजून घेतले, की काळे राखेसारखे दिसते आणि सगळे चित्र पाणी घातलेल्या दुधासारखे पांचट होते. उलट झाले की सावलीतले सारे काळ्यात बुडते. पानावरचे गडद ठिपके असून नसल्यासारखे. टीव्हीत 'ब्लॅक लेव्हल' किंवा 'व्हिडिओ रेंज' असे कलम असते, संगणकात 'फुल' आणि 'लिमिटेड'. दोन्हीकडे माप एकच ठेवावे. नावे कंपनीगणिक बदलतात, म्हणून काळे केस असलेल्या माणसाचा फोटो लावून दोन्ही प्रकार करून पाहावेत. काळे काळे दिसावे, पण केसांची बट न् बट सुटी दिसावी.

लाल अक्षरे फिसकटलेली दिसत असतील, तर टीव्ही रंगाचा तपशील शेजारच्या ठिपक्यांत वाटून टाकतो आहे असे समजावे. अशा वेळी पिवळ्या पानावरच्या बारीक हिरव्या शिराही पुसट होतात, आणि लोहाची खूण तर तीच. ज्या जागी वायर लावली त्या जागेचे नाव टीव्हीच्या यादीत 'पीसी' असे ठेवले की पुष्कळ संचांत हे थांबते.

जुन्या संगणकाची पंधरा पिनांची व्हीजीए वायर असेल, तर आधी तिचे स्क्रू आवळावेत. तिच्यात लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळ्या तारांतून जातात. निळ्याची पिन वाकली की पांढरा कागद पिवळा दिसतो, हिरव्याची गेली की जांभळट. एचडीएमआय वायरीत असे होत नाही. ती बिघडली तर चित्र तुटते, चमकते किंवा येतच नाही. तेव्हा रंग सुधारतो म्हणून कोणी महागडी वायर गळ्यात मारू लागला, तर ते पैसे खतासाठी ठेवावेत.

एवढे करूनही फोटोच चुकीचा असेल तर पडदा काय करणार? पान सावलीत धरून, शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून फोटो काढावा. पडद्यावर कागद पांढरा दिसला तर पानाच्या रंगावर बराच भरवसा ठेवता येतो. भातकरी पानाच्या हिरवेपणाचा तक्ता वापरतात, तेही आपल्या अंगाच्या सावलीतच पान पट्टीशी जुळवतात. शंका उरली तर पानेच कृषी विज्ञान केंद्रात न्यावीत. द्राक्षवाल्यांना देठ परीक्षण ठाऊक आहेच. त्याला रंगाची भूल पडत नाही.

आणि घरात क्रिकेटवाल्यांची कुरकुर झाली तर सांगावे, की बहुतेक टीव्ही प्रत्येक जोडणीचे रंग वेगळे लक्षात ठेवतात. सामना हवा तितका भडक पाहा, संगणकाच्या जागेला हात लावू नका.