निलंग्याचे पगडी आणि लातूरचा अडीच फुटी रूळ

१/७
मराठवाड्याचा इतिहास लिहिलाच गेला नाही, असे बेधडक म्हटले जाते. हे अर्धसत्य आहे. पुष्कळ लिहिले गेले. वाचले गेले नाही. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) हे त्याचे ठळक उदाहरण.

२/७
पगडी म्हटले की फार्सी साधने आणि शिवकाल आठवतो. निजामाच्या मुलकी सेवेतील या अधिकाऱ्याने गोंडी आणि कोलामी भाषांचाही अभ्यास केला. पुढे १९६० च्या दशकात महाराष्ट्राच्या जिल्हा गॅझेटिअरांचे संपादन केले. हे काम मात्र ‘सरकारी नोकरी’ म्हणून बाजूला सारले जाते.

३/७
हा अन्याय आहे. गॅझेटिअरमध्ये राजवंशांबरोबर शेती, सिंचन, बाजारपेठा, रस्ते आणि रेल्वे यांनाही स्वतंत्र स्थान असते. सामान्य माणसाचे आयुष्य ज्यांनी बदलले, त्या गोष्टी तिथेच सापडतात.

४/७
लातूरचेच पाहा. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. रुळांतील अंतर अवघे अडीच फूट. राज्य हैदराबादचे, पण मालाची वाट मुंबईकडे!

५/७
नांदेडला मात्र १९०० च्या सुमारास हैदराबाद–मनमाड मार्ग आला, तो मीटर गेज. नांदेडचा डबा लातूरच्या रुळावर चालणेच अशक्य. शेजारच्या दोन बाजारपेठांची तोंडे दोन दिशांना वळली. ती कोणत्या लढाईने वळवली? कोणत्याच नाही.

६/७
आक्षेप असा, की हे ग्रंथ इंग्रजीत आहेत, रूक्ष आहेत, सरकारी नजरेचे आहेत. मान्य. त्यांतील विधाने तपासूनच घ्यावीत. पण तपासायला आधी ग्रंथ उघडावा लागतो. लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला. त्यापूर्वीचे लातूर त्याच मालिकेतील उस्मानाबादच्या खंडात (१९७२) आहे. तो न पाहता ‘लातूरवर काहीच नाही’ म्हणणे हा निव्वळ आळस होय.

७/७
अडीच फुटी रूळ उखडले गेले, ब्रॉडगेज आली. त्या छोट्या गाडीने प्रवास केलेली माणसे लातूर-बार्शीत अजून आहेत. त्यांना आज कोणी विचारले नाही, तर उद्या विचारायला कोणी उरणार नाही. पगडींच्या जयंतीला हार घालणे सोपे आहे; त्यांनी संपादिलेले खंड उघडणे आणि पुढचे पान लिहिणे, हाच त्यांचा खरा सन्मान.