पणजीतील एक दिवस, सूर्यास्तापर्यंत



आपल्या घरांत प्रवास म्हणजे बहुधा तीर्थयात्रा. शिखरजी, पालिताणा, मुक्तागिरी ही आमच्या सासूबाईंची प्रवासाची सीमा. त्यामुळे गेल्या पौष महिन्यात "यंदा पणजी पाहू," असे आम्ही म्हणालो, तेव्हा त्यांनी विचारले, "तेथे दर्शनाला काय आहे?" दर्शन होते ते नातवाचे. चिरंजीव दीड वर्षापासून तेथे नोकरीस आहेत. मग खाखरे, मेथीचे ठेपले आणि सुका मेवा यांची पिशवी भरून आम्ही गोंदियाहून नागपूर आणि तेथून विमानाने गोवा गाठले.

सासूबाईंचा चोविहार गेल्या चाळीस वर्षांत चुकलेला नाही. म्हणून दिवसाची आखणी सोपी होती: जे पाहायचे, जे खायचे ते सूर्य असेपर्यंत.

सकाळी नवकारशीनंतर आम्ही फोंतेन्हास या जुन्या वस्तीत गेलो. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा जिंकले, पण पणजी अधिकृतपणे राजधानी झाली ती 1843 मध्ये. जुने गोवे रोगराईने ओस पडत गेले आणि दरबार मांडवीच्या मुखाकडे सरकला. त्या काळाची छाया या गल्ल्यांवर अद्याप आहे. पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरे, लाल कौले, रस्त्यावर झुकलेले लहान सज्जे, दारावर निळ्या-पांढऱ्या फरशीवर रंगवलेली नावे. पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवलेला असे, असे तेथे सांगतात. कोणालाच घाई नव्हती. एक आजोबा सज्जातील कुंड्यांना पाणी घालत होते. सासूबाई थांबून त्यांची जास्वंद पाहत राहिल्या.

तेवढ्यात भोंगा वाजवीत सायकलवरून पदेर, म्हणजे पाववाला, आला. चिरंजीवांनी उत्साहाने हात वर केला आणि लगेच खाली घेतला. गोव्यात पावाचे पीठ माडीने फुगवण्याची जुनी रीत आहे. आजीसमोर पाव घ्यावा कसा? सासूबाईंच्या नजरेतून तो हात सुटला नाही. त्या काही बोलल्या नाहीत. पिशवीतला खाखरा तेवढा त्यांनी पुढे केला.

रायबंदरच्या बाजूने आम्ही जुन्या गोव्याकडे निघालो. वाटेत खाजणातून जाणारा सुमारे तीन किलोमीटरचा दगडी बांध लागतो. 1633-34 मध्ये बांधलेल्या त्या बांधावरून आजही वाहने धावतात. बॉम जेझू बासिलिका 1605 ची. संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह तेथे चांदीच्या पेटीत ठेवला आहे. दाराशी सासूबाईंनी चपला काढल्या. कोणी सांगितले नव्हते. "देवाचे घर कोणाचेही असो," एवढेच त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारले, "या मुलखात आपले काहीच नव्हते का?" होते. फोंड्याजवळ बांदिवडे येथे नेमिनाथ बस्तीचे अवशेष आहेत, डिचोली तालुक्यात कुडणे येथे जिनमंदिराचे. पोर्तुगीजांच्या कितीतरी आधी, ज्या कदंब राजांचे नाव आज गोव्याच्या सरकारी बसवर वाचायला मिळते त्यांच्या काळात, या भूमीत श्रावक नांदत होते. एका दिवसात तेथवर जाणे शक्य नव्हते. सासूबाईंनी दिशा विचारली आणि तिकडे वळून हात जोडले.

दुपारी एका साध्या शाकाहारी खानावळीत बसलो. कांदा, लसूण, बटाटा नको, हे सांगताच मालकांनी हसून मान डोलावली. आमटी-भात, ओले खोबरे घातलेली दुधीची भाजी, लसणाशिवाय कोकमाचे सार, शेवटी गूळ आणि नारळाच्या रसाचे दोदोल. प्रसिद्ध बेबिंका मात्र अंड्याची, म्हणून ती दुरूनच पाहिली.

जेवताना चिरंजीवांनी सहज म्हटले, "आजी, बटाटा हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांचाच." मग शब्दांची यादीच सुरू झाली. पाव, अननस, काजू, कोबी त्यांचे. स्वयंपाकघरातली परात त्यांची. दुकान उघडायची चावी, नोकरांना द्यायचा पगार, बाजारातला लिलाव हे शब्दही त्यांच्याकडून आलेले. भिवापूरच्या मिरचीचे मूळ पीक आणि ज्या तंबाखूवर आपल्या जिल्ह्यातील बिडीचा धंदा उभा राहिला तीसुद्धा अमेरिकेतून त्यांच्याच जहाजांनी आपल्याकडे आली.

सासूबाई लक्षपूर्वक ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मिरची परदेशी, काजू परदेशी, बटाटाही परदेशी. पहिल्या दोघांना आपण घरात घेतले आणि तिसऱ्याला नाही. परका म्हणून नव्हे, जमिनीखालच्या जीवांसाठी. कोठून आले, हे आपण कधी विचारलेच नाही."

चिरंजीवांनी मान खाली घातली. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "आजी, मी येथे रात्री जेवतो. कार्यालय सुटायलाच आठ वाजतात. कांदा-बटाटाही खातो. घरी फोनवर मात्र पाळतो म्हणून सांगत आलो."

क्षणभर कोणीच बोलले नाही. माझ्या मनात राग होता, आणि त्याहून अधिक अपराधीपणा, कारण मी प्रत्येक फोनवर "पाळतोस ना?" असेच विचारीत असे, आणि त्या प्रश्नाला एकच उत्तर शक्य होते.

सासूबाईंनी सार संपवले, वाटी धुऊन प्यायल्या आणि म्हणाल्या, "बाळा, तुझे आजोबा म्हणत, उधारी वहीत लिहिलेली असली की फिटते, खोडली की बुडते. नियम मोडला, तर मोडला म्हण. वही खरी ठेव."

संध्याकाळी पाच वाजता मिरामारच्या किनाऱ्याजवळ आम्ही डबा उघडला. नातू आजीशेजारी बसून ठेपले जेवला. सासूबाईंनी पाणी घेतले, पच्चक्खाण केले, आणि मग करण्यासारखे काहीच उरले नाही. मांडवी जेथे समुद्राला मिळते तेथे सूर्य खाली येत होता. आसपासचे लोक रात्री कोठे जेवावे याची चर्चा करीत उठू लागले होते. आम्हाला कोठेच जायचे नव्हते.

"दीड वर्ष येथे राहतो," चिरंजीव म्हणाले, "पण सूर्य पूर्ण बुडेपर्यंत कधी बसलो नव्हतो."

परत आल्यापासून फोनवर मी तो प्रश्न विचारीत नाही. गेल्या रविवारी त्यांनी स्वतःहून सांगितले, "आज सूर्यास्तापूर्वी जेवलो. बाकीचे सहा दिवस जमले नाही." सासूबाईंनी ऐकले आणि म्हणाल्या, "वही जुळते आहे."

आपली मुले आता पुणे, बंगळूर, परदेश, कोठेही असतात. त्यांच्या ताटात काय आहे हे विचारण्याआधी, खरे सांगता येईल असा कान आपण त्यांना दिला आहे का, हे एकदा स्वतःला विचारून पाहावे.