नरपडचा फोटो

दिवाळीच्या साफसफाईत भिंतीवरच्या तसबिरी उतरवून पुसण्याचे काम आमच्या घरी परंपरेने माझ्याकडे आले आहे. मराठीच्या प्राध्यापकाला शिडीवर चढवण्यात घरातल्या मंडळींना काय आनंद होतो कोण जाणे! देवादिकांच्या तसबिरी झाल्या, आजोबांचा फेट्यातला फोटो झाला, की शेवटी उरतो तो नरपडचा फोटो. पाहुण्यांना तो दाखवताना दर वेळी खुलासा करावा लागतो, "हे बाबा, ही आई. मागे नरपडचा समुद्र." पाहुणे चष्मा पुसतात, फोटो खिडकीच्या उजेडाकडे धरतात आणि मोठ्या सौजन्याने म्हणतात, "समुद्र मात्र छान आलाय हो!"

समुद्र छान आला आहे यात शंका नाही. लाटा मोजून घ्याव्यात. दूर एक होडी आहे, तिच्यावरचे निशाणसुद्धा ओळखता येते. आई-बाबांच्या जागी मात्र दोन काळ्या आकृती उभ्या आहेत आणि त्यांच्या कडाही जराशा पुसट आहेत. हा फोटो मी काढला, १९९८ च्या दिवाळीत. पुढच्या पावसाळ्यात बाबा गेले.

डहाणूहून किनाऱ्याकिनाऱ्याने बोर्डीकडे जाऊ लागले की वाटेत नरपड लागते. तिथे आमच्या मामाची चिकूची वाडी. वाडी संपली की सुरूची झाडे, सुरू संपले की वाळू, आणि वाळू संपली की थेट पश्चिम. लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या तिथे गेल्या आणि त्या सगळ्या सुट्ट्यांचे फोटो बाबांनी काढले. त्यांच्याकडे अॅग्फाचा क्लिक थ्री होता. बडोद्याला तयार होणारा तो काळा डबा पुष्कळ वाचकांच्या घरी असेल. एका रोलमध्ये चौकोनी बारा फोटो निघत. भिंगाजवळ एक सूर्य आणि एक ढग. उजेड मोजण्याची सोय म्हणाल तर एवढीच. बाकीचे मोजमाप बाबांच्या डोळ्यांनी करायचे.

आणि ते करीत! फिल्मच्या खोक्यात एक चिटोरे येई. त्यावर ऊन, पुसट ऊन, ढग, सावली अशी चित्रे असत आणि वाळूवरच्या किंवा बर्फावरच्या उन्हाची सूचना वेगळी असे. पंचांग पाहावे तसे बाबा ते कागद पाहत. (बर्फाची सूचना डहाणू तालुक्यात कधी कामी आली नाही.) त्यांचा एक नियम ठाम होता. सूर्य फोटो काढणाराच्या पाठीशी हवा. म्हणून नरपडच्या किनाऱ्यावरचे फोटो फक्त सकाळी निघत. सकाळचे ऊन वाडीवरून येऊन आमच्या तोंडावर पडे आणि मागे समुद्र मिळे. आमच्या बालपणाच्या एकूण एक फोटोंत आम्ही सगळे डोळे मिचकावून उभे आहोत ते यामुळेच. आणि बाबा? बाबा एकाही फोटोत नाहीत. डब्याच्या मागे उभे राहणाराचा फोटो कोण काढणार?

दादासाहेब फाळक्यांचे चरित्र वर्गात सांगताना मला हटकून बाबा आठवतात. १९१२ साली फाळक्यांनी लंडनहून विल्यमसनचा हाताने फिरवायचा कॅमेरा आणला आणि कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचा वेल कसा वाढतो याची फिल्म केली. दिवसामागून दिवस, थोडे थोडे चित्रण. एक दिवस लख्ख, दुसरा मळभाचा. विजेचे प्रकाशमापक तेव्हा नव्हतेच. फाळके नजरेने उजेड तोलत, आणि ती नजरही कशी, तर पडद्यावरची चित्रे पाहून पाहून मध्यंतरी अधू झालेली. पुढे चित्रपटांच्या वेळी सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभ्या राहत. नटांच्या तोंडावर उजेड परतवायचा तो असा.

उजेड मोजण्याचे काम माणसाच्या डोळ्याकडून काढून यंत्राकडे देण्याची कथा मात्र फाळक्यांच्याही आधीची आहे. समुद्राखालच्या तारा तपासताना विलोबी स्मिथ या इंग्रज इंजिनियराला सेलेनियम नावाच्या पदार्थाने छळले. त्यातून जाणारी वीज कधी जास्त, कधी कमी. अखेर उलगडा झाला की त्यावर उजेड पडला की तो वीज अधिक सहज जाऊ देतो. हे साल १८७३. तेव्हापासून उजेडाचे विजेत भाषांतर करता येऊ लागले. १९३० नंतर सेलेनियमचे प्रकाशमापक बाजारात आले. उजेड पडला की काटा हलायचा. मग पुढची पायरी कोणाला सुचावी? साक्षात अल्बर्ट आइन्स्टाइनना! त्यांनी आणि त्यांचे मित्र डॉक्टर गुस्ताव्ह बकी यांनी १९३६ साली अमेरिकेत एका कॅमेऱ्याचे पेटंट मिळवले. उजेड जास्त झाला की विजेच्या जोरावर भिंगापुढचा पडदा आपोआप फिरायचा आणि त्याचा अधिक गडद भाग समोर यायचा. (एक्स-रे खात्यातली माणसे आजही ज्या जाळीला ‘बकी’ म्हणतात ती याच डॉक्टरांची.) ते पेटंट कागदावरच राहिले. १९३८ साली कोडॅकने स्वतः छिद्र लहानमोठे करणारा कॅमेरा खरोखर विकायला काढला. किंमत २२५ डॉलर! सामान्य माणसाच्या हाती ही जादू यायला १९५९ उजाडले. अॅग्फाच्या ऑप्टिमात बटण दाबू लागले की हिरवी खूण दिसे. म्हणजे उजेड पुरेसा आहे, खुशाल काढा. लाल दिसली की थांबा.

उजेडाचे झाले, अंतराचे काय? तेही यंत्राने आपल्याकडे घेतले. १९७९ साली कॅननने एक कॅमेरा काढला. तो डोळ्यांना न दिसणारा तांबड्यापलीकडचा किरण समोर सोडी. माणसावर आपटून तो परत आला की शेजारच्या दुसऱ्या खिडकीतून तो किती तिरका येतो हे पाही आणि त्यावरून माणूस किती दूर आहे ते ठरवी. युक्ती जुनीच, त्रिकोणाची. १८०२ साली लॅम्बटनने मद्रासजवळ पहिली रेषा मोजून हिंदुस्थानची मोजणी सुरू केली ती याच हिशेबाने. एक बाजू ठाऊक, कोन मोजले, की पलीकडचे टोक सापडते. लॅम्बटनचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता, कॅमेऱ्यातला शर्टाच्या खिशात मावतो.

असलाच एक खिशातला कॅमेरा आत्याच्या यजमानांनी दुबईहून आणला होता आणि तो माझ्या हाती पडला होता. माहितीपुस्तक चार भाषांत होते. मराठी त्यात नव्हती आणि उरलेल्या चारांपैकी एक मला येत असूनही मी ते उघडले नाही. ऑटो म्हणजे ऑटो!

सुट्टीची शेवटची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी. मी म्हटले, "बाबा, आज तुम्ही दोघं उभे राहा."

बाबा सूर्याकडे बघून म्हणाले, "आत्ता? आमच्या पाठीमागं सूर्य आहे. आणि त्याला कळतं का, कुठं बघायचं ते?"

"त्याला सगळं कळतं," मी म्हणालो.

मामा हसून म्हणाला, "भाऊजी, जमाना बदलला. उभे राहा तुम्ही मुकाट्यानं!"

बाबा उभे राहिले. शेजारी आई. दोघांच्या मध्ये हातभर जागा. त्या पिढीची जोडपी फोटोसाठी अशीच उभी राहत, जणू मध्ये कोणी तिसरे येऊन बसणार आहे. मी बटण दाबले.

त्या तिसऱ्या जागेतून माझ्या कॅमेऱ्याचा किरण निघून गेला. तो नेमका चौकटीच्या मधोमध सुटतो. तिथे आई नव्हती, बाबा नव्हते, अरबी समुद्र होता. किरण परत आला नाही, तेव्हा यंत्राने न्याय केला की समोरचे सगळे फार दूर आहे, आणि भिंग होडीवर नेऊन बसवले. उजेडाचेही तसेच. सगळ्या चौकटीची सरासरी काढून ती मध्यम करड्या रंगाची यावी एवढेच मापकाला शिकवलेले असते. आकाश आणि पाणी लखलखत होते, त्याने उजेड तोडला. तोडताना दोन चेहरे अंधारात गेले हे त्याला कळायचे कारण नव्हते. यंत्राने एकही चूक केली नाही. बाबांच्या छातीवर नेम धरून बटण अर्धे दाबायचे, तसेच धरून चौकट सरकवायची, आणि पाठीमागून ऊन असेल तर फ्लॅश लावायचा. हे सगळे त्या पुस्तकात पान १४ वर होते. मी ते पुढच्या श्रावणात वाचले.

बाबा गेल्यावर मोठा फोटो करायचा म्हणून निगेटिव्ह घेऊन मी एका स्टुडिओत गेलो. म्हाताऱ्या फोटोग्राफरने ती दिव्यावर धरली. चेहऱ्यांच्या जागी जवळजवळ कोरी काच. "फिल्मवर जे उमटलंच नाही ते मी कुठून आणू, साहेब?" तो म्हणाला. तरी त्याने प्रिंट फिकी करून पाहिली. काळ्याचे राखाडी झाले एवढेच. त्याने पैसे घेतले नाहीत.

गेल्या वर्षी आईला घेऊन नरपडला गेलो होतो. वेळ संध्याकाळचीच. आता फोनच्या पडद्यावर चेहऱ्याभोवती पिवळी चौकट येते. फोन चेहरा ओळखतो, एका क्षणात कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो घेतो आणि त्यांतले बरे ते जुळवतो. आईचा चेहरा स्वच्छ आला, मागची सूर्यास्ताची लालीही आली. मी फोन मोठ्या अभिमानाने तिच्या हाती दिला.

तिने बराच वेळ पाहिले. म्हणाली, "एवढी गोरी मी लग्नातसुद्धा नव्हते रे. आणि सुरकुत्या कुठं गेल्या?"

फोनने त्या परस्पर पुसल्या होत्या. मी म्हटले, हाच मोठा करून आणू, भिंतीवरचा तो काळा काढून टाकू.

"तो नको काढू," आई म्हणाली. "त्यात आम्ही कसे उभे होतो ते तरी दिसतं."