कुंडीतील वृक्षाचा ऋतू

जपानी मेपल हा पानगळीचा वृक्ष. शरद ऋतूत त्याची पंजाकृती पाने लाल-केशरी होऊन गळतात आणि थंडीत तो विसावतो. बोन्सायकार त्याची मोठी छाटणी बहुधा या निष्पर्ण अवस्थेत करतात. वसंतात कोंब फुटताच मधला कोवळा शेंडा खुडतात. पाने समोरासमोर जोडीने येत असल्याने त्या पेऱ्यातून दोन फांद्या निघतात व झाड दाट होते. साल पातळ असते. वळण देणारी तार वेळीच न काढल्यास तिचे वळ वर्षानुवर्षे राहतात.

वाशीम जिल्ह्यात त्याला ही विश्रांती लाभत नाही. येथील हिवाळा सौम्य, तर उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. कोरड्या झळांनी पाने कडांपासून करपतात. वनस्पतीतही जीव मानणाऱ्या घराने केवळ शोभेसाठी असा वृक्ष आणावा का, हा विचार खरेदीपूर्वीच व्हावा.

वड मात्र या मातीतलाच. पावसाळ्याच्या आरंभी, वाढ जोमात असताना, त्याच्या लांबलेल्या फांद्या दोन-तीन पाने राखून छाटाव्यात. चीक ओल्या फडक्याने टिपावा. तार रुतू लागताच कापून काढावी, उलगडू नये.

बोन्सायची उथळ कुंडी वैशाखात एका दिवसात कोरडी पडू शकते. म्हणून दुकान बंद ठेवून कुटुंब यात्रेला निघेल, तेव्हा पाणी कोण घालील, हे वड आणण्यापूर्वीच ठरलेले असावे.