मुसाफिराची खोली

नागपूरजवळच्या हिंगणा मार्गावर औद्योगिक वसाहत आहे, मोठे रुग्णालय आहे, महाविद्यालये आहेत. त्यामुळे तेथे रोज बाहेरगावची माणसे येतात. कोणी यंत्र दुरुस्त करायला येतो, कोणी मुलाच्या प्रवेशासाठी, तर कोणी आजारी भावाला घेऊन. अशा माणसाला रात्रीपुरते छप्पर हवे असते. ती खोली कशी असावी, हा प्रश्न साधा वाटतो. पण कोरोनाच्या साथीनंतर तो साधा राहिलेला नाही.

जानेवारी २०२० मध्ये चीनमधील ग्वांगझू शहरात एका उपाहारगृहात तीन शेजारच्या टेबलांवर बसलेली दहा माणसे आजारी पडली. तेथे खिडक्या नव्हत्या. वातानुकूलन यंत्र आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवत होते. पुढे आपल्याकडेही कित्येकांना बंद खोलीत चौदा चौदा दिवस एकटे राहावे लागले. खिडकीची किंमत तेव्हा सर्वांना कळली.

आता हॉटेलवाले म्हणतात, ‘आमच्याकडे निसर्ग आहे.’ आत जाऊन पाहावे, तर भिंतीवर पानांची चित्रे आणि कोपऱ्यात प्लॅस्टिकची वेल! याला मी निसर्ग म्हणणार नाही. उजेड, वारा, पाणी आणि खरे झाड, एवढे हवे. अमेरिकेतील रॉजर उलरिक या संशोधकाने १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या २३ रुग्णांना खिडकीतून झाडे दिसत होती, तर दुसऱ्या २३ जणांना विटांची भिंत. झाडे पाहणारे रुग्ण लवकर घरी गेले. त्यांना वेदनाशामक तीव्र औषधेही कमी लागली.

आपल्या पूर्वजांना हे अभ्यासाशिवाय ठाऊक होते. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की पाहा. तेथे बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांचा दर्गा आहे. अठराव्या शतकात तेथे मशीद, मदरसा आणि सराई उभी राहिली. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणले. त्या पाण्यावर चक्की फिरे आणि फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. खरी गंमत पुढेच आहे. तेथील मोठ्या हौदाच्या खाली एक प्रशस्त दालन आहे. हौदाचा तळ हेच त्या दालनाचे छत! डोक्यावर पाणी असल्याने भर उन्हाळ्यातही आत गारवा राहतो. हा गारवा राजवाड्यासाठी नव्हता, थकून आलेल्या वाटसरूंसाठी होता.

कोणी म्हणेल, “मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. खिडकी उघडून काय लू आत घ्यायची?” शंका रास्त आहे. दुपारी खिडक्या बंदच ठेवाव्यात आणि वाळ्याचे पडदे भिजवावेत. उर्दूत ज्याला खस म्हणतात, तोच हा वाळा. रात्री मात्र समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघडाव्यात. डासांसाठी जाळी लावावी. पावसाळ्यात ओला पडदा उपयोगाचा नाही, तेव्हा मोकळा वाराच बरा.

शहरांबाहेरच्या महागड्या हॉटेलांत बाग असते, तळेही असते. तेथे जाणाऱ्याच्या घरीही बहुधा खिडकी असतेच. माझी काळजी वेगळी आहे. रुग्णालयात रात्र जागून आलेला माणूस स्वस्तातली खोली घेतो. तिची खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडते किंवा खिळे ठोकून बंद केलेली असते. ते खिळे काढायला फार पैसे लागत नाहीत. पश्चिमेला कडुनिंब लावायलाही लागत नाहीत. मात्र त्याची सावली भिंतीवर यायला काही वर्षे जावी लागतात. म्हणून रोप याच पावसाळ्यात लावलेले बरे.